संगणक-सफाई व गतिवर्धक सॉफ्टवेअरची विश्वासार्हता : एक चिकित्सक विवेचन

सारांश

संगणक मंदावला की त्याची ‘सफाई’ करणारे व त्याला ‘वेगवान’ करणारे सॉफ्टवेअर बसवावे किंवा नाही, हा प्रश्न संगणक वापरणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकासमोर केव्हा ना केव्हा उभा राहतो. या निर्णयासाठी बहुधा जाहिरात, सहकाऱ्याचा अनुभव किंवा दुरुस्ती करणाऱ्याचा सल्ला यांचाच आधार घेतला जातो. प्रस्तुत लेखात अशा सॉफ्टवेअरच्या प्रमुख दाव्यांची तांत्रिक चिकित्सा केली असून, १९९५ ते २०२४ या काळातील काही नोंदलेल्या प्रकरणांच्या आधारे विश्वासाचा प्रश्न तपासला आहे. विश्वास संपूर्ण उत्पादनावर एकदाच न ठेवता त्याच्या प्रत्येक कृतीची स्वतंत्र पारख करावी, तसेच दोष सांगणारा व दोष दूर करण्याचे मूल्य घेणारा एकच असेल तेथे त्याचे निदान पुरावा म्हणून स्वीकारू नये, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संगणक-सफाई, रजिस्ट्री, भीतीदायक सॉफ्टवेअर, माहिती सुरक्षा, महाविद्यालयीन संगणक.

१. प्रस्तावना

महाविद्यालयातील संगणक आज केवळ संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिलेला नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, विद्यार्थ्यांच्या प्रवेश-याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, नॅक मूल्यांकनासाठी संकलित केलेली कागदपत्रे, संशोधन प्रकल्पाची आधारसामग्री आणि कित्येकदा एखाद्या प्राध्यापकाचा अपूर्ण प्रबंध हे सर्व विभागातील एकाच संगणकात साठविलेले असते. हा संगणक अनेक वर्षे, अनेक हातांनी वापरला जातो. कालांतराने तो सुरू होण्यास विलंब लागू लागतो, फाइल उघडताना अडखळतो आणि नेमका गुण भरण्याच्या अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी जवळजवळ थांबतो.

अशा वेळी पडद्यावर एक संदेश झळकतो : संगणकात शेकडो त्रुटी आढळल्या असून त्या एका क्लिकवर दूर करता येतील. वापरकर्ता अडचणीत असतो, त्याला घाई असते आणि त्रुटींचा आकडा खरा की खोटा हे पडताळण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. तो अनुमती देतो. ही अनुमती साधी नसते. सफाई करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरना ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे अधिकार लागतात. हे अधिकार मिळालेला प्रोग्राम कोणतीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो आणि नवे प्रोग्राम बसवू शकतो. घराची झाडलोट करण्यासाठी बोलाविलेल्या अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीसह सर्व किल्ल्या सोपविण्यासारखाच हा प्रकार होय. त्यामुळे हा प्रश्न केवळ वेगाचा राहत नाही. संगणकात ज्यांची माहिती आहे त्या विद्यार्थ्यांच्या आणि संशोधकांच्या हिताचाही होतो.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) सफाई व गतिवर्धक सॉफ्टवेअर नेमके काय करते हे स्पष्ट करणे.
२) त्याच्या प्रमुख दाव्यांमागील तांत्रिक तथ्य तपासणे.
३) नोंदलेल्या प्रकरणांच्या आधारे त्यातील फसवणूक व धोका यांचे स्वरूप समजून घेणे.
४) संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या प्राध्यापकास वापरता येतील अशा कसोट्या मांडणे.

विवेचन मुख्यत्वे विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमपुरते मर्यादित आहे. मोबाइल फोनचा उल्लेख भारतीय संदर्भात ओघाने केला आहे.

३. प्रमुख दाव्यांची चिकित्सा

‘सफाई’ या एका शब्दाखाली परस्परांपासून अत्यंत भिन्न अशा कृती एकत्र केल्या जातात. त्यांपैकी काही उपयुक्त, काही निरुपयोगी, तर काही अपायकारक आहेत. सर्व कृती एकाच बटणामागे लपलेल्या असल्यामुळे उपयुक्त कृतीचा फायदा दिसला की इतर कृतींवरही विश्वास बसतो. म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

३.१ तात्पुरत्या फाइली

संगणक काम करताना अनेक तात्पुरत्या फाइली तयार करतो व त्यांपैकी काही कामानंतरही शिल्लक राहतात. विंडोजची नवी आवृत्ती बसविल्यावर जुन्या आवृत्तीची प्रत काही काळ राखून ठेवली जाते व ती कित्येक गीगाबाइट जागा व्यापते. डिस्क जवळजवळ भरलेली असेल तर या फाइली काढल्याने खराच फायदा होतो, कारण अद्यतने बसविण्यास व रॅम अपुरी पडल्यास पूरक साठा म्हणून वापरण्यास ऑपरेटिंग सिस्टीमला मोकळी जागा लागते. डिस्कवर भरपूर जागा शिल्लक असेल तर मात्र याच सफाईने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

या कामासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. ‘डिस्क क्लीनअप’ ही सोय विंडोज ९८ पासून आणि ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून उपलब्ध झाली. अर्थात अधिकृत साधनही डोळे मिटून वापरता येत नाही. विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत ‘डाउनलोड्स’ या फोल्डरचा समावेश झाला. अनेक जण आपल्या महत्त्वाच्या फाइली याच फोल्डरमध्ये ठेवतात. यादी न वाचता सर्व खुणा करणाऱ्यांच्या फाइली जाण्याचा धोका निर्माण झाला आणि २०२० च्या आवृत्तीत तो पर्याय काढून टाकण्यात आला.

३.२ रजिस्ट्रीची सफाई

रजिस्ट्री म्हणजे विंडोज व त्यावरील प्रोग्राम यांच्या मांडणीची मध्यवर्ती नोंदवही होय. विंडोज ९५ पासून तिला केंद्रीय स्थान मिळाले. एखादा प्रोग्राम काढून टाकल्यावर त्याच्या काही नोंदी तीत राहून जातात, हे खरे आहे. मात्र या नोंदींमुळे संगणक मंदावतो हा दावा टिकत नाही. विंडोज आपल्याला हवी असलेली नोंद शोधताना संपूर्ण रजिस्ट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही. श्रेणीबद्ध रचनेतून ती थेट त्या नोंदीपर्यंत पोहोचते.

ग्रंथालयाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वर्णानुक्रमे लावलेल्या हजारो तालिकापत्रांत हरवलेल्या दहा ग्रंथांची पत्रे राहून गेली म्हणून इतर ग्रंथ शोधण्याचा वेळ वाढत नाही. उलट ती काढण्याच्या भरात वापरातील ग्रंथाचे एक पत्र जरी नाहीसे झाले, तर तो ग्रंथ कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही. रजिस्ट्रीतील आवश्यक नोंद पुसली गेल्यास नेमके हेच घडते : प्रोग्राम डिस्कवर असतो, पण चालत नाही. काही वेळा तर संपूर्ण विंडोज पुन्हा बसवावे लागते.

मायक्रोसॉफ्टने १९९० च्या दशकात ‘रेगक्लीन’ नावाचे असे साधन स्वतःच उपलब्ध करून दिले होते व पुढे ते मागे घेतले. रजिस्ट्री सफाई करणाऱ्या साधनांच्या वापरास आपला पाठिंबा नाही, अशी भूमिका कंपनीने नंतर आपल्या अधिकृत धोरणात स्पष्ट केली. ज्यांनी ही नोंदवही निर्माण केली त्यांनीच हा निर्वाळा द्यावा, ही बाब निर्णय घेताना पुरेशी बोलकी आहे.

३.३ रॅम मोकळी करणे

‘रॅम ७० टक्के भरली आहे’ असा इशारा वाचून वापरकर्ता घाबरतो. वस्तुतः रॅम भरलेली असणे हा आपोआप दोष ठरत नाही. पुढे लागण्याची शक्यता असलेली माहिती विंडोज मोकळ्या रॅममध्ये आधीच आणून ठेवते आणि दुसऱ्या कामासाठी जागा हवी झाली की ती तत्काळ सोडते. रॅम ‘मोकळी’ करणारा प्रोग्राम चालू असलेल्या कामाची माहिती रॅममधून बाहेर ढकलतो. दर्शकावरील आकडा कमी होतो व वापरकर्त्याचे समाधान होते. परंतु पुढच्याच क्षणी ती माहिती लागली की ती डिस्कवरून परत आणावी लागते. हार्ड डिस्कवरील माहिती मिळण्यास मिलिसेकंद लागतात, तर रॅममधील माहिती नॅनोसेकंदांच्या हिशेबात मिळते. आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात. म्हणजेच वेग वाढविण्याच्या नावाखाली केलेली ही कृती संगणकाला अधिक मंद करू शकते.

३.४ कॅशे पुसणे व डिफ्रॅगमेंटेशन

ब्राउझरची कॅशे पुसल्याने जागा मोकळी होते, मात्र तीच संकेतस्थळे पुन्हा उघडताना चित्रे व इतर घटक नव्याने उतरवून घ्यावे लागतात. विंडोज एक्सपीपासून आलेल्या ‘प्रीफेच’ फोल्डरचेही तसेच आहे. प्रोग्राम लवकर सुरू व्हावेत म्हणूनच विंडोज तेथे नोंदी ठेवते. त्या पुसल्या की पुढील वेळी प्रोग्राम सुरू होण्यास अधिक वेळ लागतो.

डिफ्रॅगमेंटेशनची कथा कालबाह्य झालेल्या उपचाराची आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरती चकती व सरकणारे शीर्ष असते. फाइलचे तुकडे विखुरलेले असले की शीर्षाला जागा बदलत राहावी लागते. म्हणून तुकडे सलग लावल्याने फायदा होत असे. एसएसडीमध्ये असा कोणताही हलता भाग नसतो आणि तिच्या स्मृतिपेशींवर मर्यादित वेळाच लेखन करता येते. तेथे वारंवार डिफ्रॅगमेंटेशन करणे म्हणजे लाभाविना झीज होय. एसएसडीला आवश्यक असलेली ‘ट्रिम’ ही प्रक्रिया विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच हाताळते.

४. निदान करणारा आणि विकणारा एकच असतो तेव्हा

वरील दावे केवळ अतिशयोक्त असते तर प्रश्न पैशाच्या अपव्ययापुरता राहिला असता. प्रत्यक्षात काही प्रकरणांत निदानच बनावट असल्याचे उघड झाले आहे.

१९९५ मध्ये सिंक्रॉनिस सॉफ्टकॉर्प या अमेरिकन कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ हे उत्पादन बाजारात आणले. रॅम विकत न घेता ती दुप्पट होईल, असा त्याचा दावा होता. त्या काळी रॅम महाग होती व विंडोज ९५ ला ती अधिक लागत असे. सहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. तज्ज्ञांनी प्रोग्रामची चिरफाड केली तेव्हा विंडोज ९५ मध्ये तो रॅम वाढवीत नसल्याचे सिद्ध झाले. पडद्यावरील वाढलेला आकडा हाच काय तो त्याचा परिणाम होता. १९९६ मध्ये अमेरिकेतील ग्राहकहिताची जपणूक करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या शासकीय संस्थेने कंपनीवर कारवाई केली.

डिसेंबर २००८ मध्ये याच आयोगाने इनोव्हेटिव्ह मार्केटिंग व तिच्याशी संबंधित व्यक्तींविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ‘विनफिक्सर’, ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एररसेफ’ व ‘एक्सपी अँटिव्हायरस’ ही त्यांची उत्पादने होती. संगणकाची तपासणी झाल्याचा केवळ आभास निर्माण करून विषाणू व दोष सापडल्याचे भासविले जाई व नंतर उपाय विकला जाई. आयोगाच्या म्हणण्यानुसार दहा लाखांहून अधिक ग्राहक यास बळी पडले. या जाहिराती नामांकित संकेतस्थळांवरही झळकल्या होत्या, कारण जाहिरात स्वीकारणाऱ्यांना एक रूप दाखवून ग्राहकांना दुसरे दाखविले जात होते. या प्रकरणात २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा निकाल लागला.

बनावट कंपन्यांपासून सावध राहिले की पुरे, असा समज २०१९ च्या प्रकरणाने खोटा ठरविला. ऑफिस डेपो ही अमेरिकेतील कार्यालयीन साहित्याची प्रसिद्ध दुकानसाखळी. तिच्या दुकानांत ग्राहकांच्या संगणकाची ‘पीसी हेल्थ चेक’ या प्रोग्रामने मोफत तपासणी केली जात असे. हा प्रोग्राम सपोर्ट डॉट कॉम या कंपनीने पुरविला होता. तपासणीपूर्वी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात. उदाहरणार्थ, संगणक मंदावला आहे काय, तो वारंवार बंद पडतो काय. आयोगाच्या तक्रारीनुसार चारपैकी एका जरी प्रश्नापुढे खूण झाली तरी घातक सॉफ्टवेअरची लक्षणे आढळल्याचा निष्कर्ष निघत असे. प्रत्यक्ष तपासणीचा त्या निष्कर्षाशी संबंधच नव्हता. मंदावलेला संगणक घेऊन आलेला ग्राहक संगणक मंदावल्याचेच सांगणार, हे उघड आहे. त्याचीच तक्रार त्याला निदान म्हणून परत केली जात होती आणि त्यावर शेकडो डॉलरची सेवा विकली जात होती. प्रकरण मिटविण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. योगायोग असा की, ‘पीसी हेल्थ चेक’ याच नावाचे एक अगदी वेगळे अधिकृत साधन मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये दिले. नावावरून पारख करता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो व रिइमेज या सायप्रसस्थित कंपन्यांनी आयोगाच्या अशाच स्वरूपाच्या आरोपांनंतर २ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. संगणकाची प्रत्यक्ष स्थिती काहीही असली तरी तपासणीत दोष दाखविले जात, असा आयोगाचा आरोप होता. सॉफ्टरॅमपासून जवळजवळ तीस वर्षांचे अंतर असूनही पद्धत बदललेली नाही. वापरकर्त्याला पडताळता न येणारा आकडा दाखवावयाचा आणि तो आकडा बदलण्याचे मूल्य घ्यावयाचे, हीच ती पद्धत होय.

५. प्रामाणिक उत्पादन आणि उरलेला धोका

सर्वच सफाई सॉफ्टवेअर फसवे असते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. पुण्यातील क्विक हील या कंपनीच्या सुरक्षा-उत्पादनातही ‘पीसी ट्यूनर’ हे साधन समाविष्ट होते. लंडनच्या पिरिफॉर्म कंपनीचे ‘सीक्लीनर’ तर अनेक वर्षे जाणकारांच्याही पसंतीस उतरलेले होते. म्हणूनच सीक्लीनरचा अनुभव अधिक विचार करावयास लावणारा आहे.

जुलै २०१७ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने पिरिफॉर्म विकत घेतली. त्यापूर्वीच, मार्च २०१७ मध्ये, हल्लेखोरांनी पिरिफॉर्मच्या अंतर्गत संगणकांत शिरकाव केलेला होता. १५ ऑगस्ट २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत त्यांनी आपला घातक भाग मिसळला. ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून वितरित झाली आणि तिच्यावर कंपनीची वैध डिजिटल स्वाक्षरी होती. मॉर्फिसेक व सिस्को टॅलोस यांच्या संशोधकांनी हा प्रकार हेरला व १८ सप्टेंबर २०१७ रोजी तो जाहीर झाला. तोपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत ती आवृत्ती पोहोचली होती. संगणकाचे नाव, त्यावरील प्रोग्रामची यादी इत्यादी माहिती बाहेर पाठविली जात होती. दुसऱ्या टप्प्यातील हल्ला निवडक तंत्रज्ञान कंपन्यांच्या अत्यल्प संगणकांपुरता होता.

येथे वापरकर्त्याची काहीच चूक नव्हती. त्याने प्रसिद्ध उत्पादन, अधिकृत स्थळावरून, अद्ययावत स्वरूपात घेतले होते. तरीही कुंपणच शेत खाऊ लागले. डिजिटल स्वाक्षरी ही प्रोग्राम कोणाकडून आला एवढेच सांगते. तो निर्दोष आहे याची हमी ती देत नाही. संगणकात सर्वाधिकार असलेला प्रत्येक जादा प्रोग्राम हे एक जादा दार असते आणि त्या दाराची राखण वापरकर्त्याच्या हातात नसून दूरच्या कंपनीच्या हातात असते. प्रोग्रामचा लाभ अल्प असेल तर हे दार उघडे ठेवण्याचे कारणही अल्पच राहते.

दुसरा धोका माहितीच्या विक्रीचा आहे. अवास्ट आपल्या अँटिव्हायरस व ब्राउझर-पूरक साधनांद्वारे वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती गोळा करून ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकत असल्याचे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. जम्पशॉट बंद करण्यात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची अट घातली. संरक्षणाची हमी देणाऱ्याचेही इतर हितसंबंध असू शकतात, हा त्याचा बोध होय.

६. भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाकडे शासकीय पातळीवर दोन दिशांनी पाहिले गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. सर्ट-इन या संस्थेमार्फत चालविल्या जाणाऱ्या या केंद्राने घातक बॉट काढून टाकण्याची साधने मोफत उपलब्ध करून दिली व त्यासाठी क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांचे सहकार्य घेतले. येथे ‘स्वच्छता’ याचा अर्थ घातक प्रोग्राम काढणे असा आहे. वेग वाढविण्याचा दावा त्यात नाही. दुसरीकडे, २९ जून २०२० रोजी शासनाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ५९ मोबाइल ॲपवर बंदी घातली. त्या यादीत ‘क्लीन मास्टर’, ‘डीयू क्लीनर’ व ‘व्हायरस क्लीनर’ या सफाईच्या नावाने लोकप्रिय झालेल्या ॲपचाही समावेश होता.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये, इतरांची वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थेने तिच्या रक्षणासाठी वाजवी सुरक्षा-उपाय योजावेत, हे तत्त्व स्वीकारलेले आहे. विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या संगणकावर कोणता प्रोग्राम बसवावा हा त्यामुळे एकट्या प्राध्यापकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

७. निर्णयाच्या कसोट्या

वरील विवेचनाच्या आधारे पुढील पाच प्रश्न विचारता येतात. यांसाठी तांत्रिक शिक्षणाची आवश्यकता नाही.

१) मूळ तक्रार कोणती आहे? ‘संगणक मंद आहे’ हे निदान नव्हे. तो सुरू होताना मंद आहे, इंटरनेटवर मंद आहे की सर्वच कामांत, हे आधी निश्चित करावे. डिस्क भरली आहे काय, सुरू होताना किती प्रोग्राम आपोआप चालू होतात, हे विंडोजच्या सेटिंग्ज व टास्क मॅनेजरमध्येच पाहता येते.

२) दोष कोण सांगत आहे? तपासणी मोफत व दुरुस्ती सशुल्क असेल, तर तपासणीचा निष्कर्ष जाहिरात समजावा. मायक्रोसॉफ्टनेही घाबरविणाऱ्या संदेशांद्वारे सशुल्क आवृत्ती घ्यावयास लावणाऱ्या प्रोग्रामना १ मार्च २०१८ पासून अनिष्ट ठरवून काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले.

३) निर्दोष संगणकावर तो काय सांगतो? विंडोज नव्याने बसविलेल्या संगणकावरही एखाद्या प्रोग्रामला शेकडो ‘गंभीर त्रुटी’ सापडत असतील, तर त्याची मोजपट्टीच सदोष आहे. प्रयोगशाळेत वापरात नसलेल्या एखाद्या संगणकावर ही चाचणी सहज घेता येते.

४) केलेली कृती परत फिरविता येते काय? काय काढले जाणार याची यादी आधी दाखविली जात नसेल आणि पूर्वस्थितीत परतण्याची सोय नसेल, तर अशा प्रोग्रामला अनुमती देऊ नये.

५) परिणाम मोजता येतो काय? बहुतेक सफाईनंतर संगणक पुन्हा सुरू केला जातो आणि केवळ पुन्हा सुरू केल्यानेही तो काही काळ चपळ वाटतो. म्हणून आधी संगणक पुन्हा सुरू करून, तो सुरू होण्यास व एक ठरावीक फाइल उघडण्यास लागणारा वेळ तीन वेळा नोंदवावा. त्यानंतर एकच बदल करून हीच मोजणी पुन्हा करावी. प्रयोगशास्त्राचा हा प्राथमिक नियम विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना नवा नाही. तो स्वतःच्या टेबलावरील यंत्राला लावण्याचे तेवढे राहून जाते.

८. महाविद्यालयीन पातळीवरील उपाययोजना

संगणक मंदावण्याची सर्वसाधारण कारणे म्हणजे आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम, अपुरी रॅम, जुनी हार्ड डिस्क, एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस आणि धुळीमुळे बंद झालेली हवेची वाट ही होत. यांपैकी पहिले कारण विनाखर्च दूर होते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास जुन्या संगणकातही स्पष्ट फरक जाणवतो. सफाई सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीवर दरवर्षी होणारा खर्च अशा सुट्या भागांकडे वळविणे अधिक हितावह ठरेल.

वार्षिक देखभाल करारान्वये येणारा तंत्रज्ञ अनेकदा सद्हेतूने असे सॉफ्टवेअर बसवून जातो. विभागप्रमुखांच्या लेखी संमतीशिवाय कोणताही नवा प्रोग्राम बसवू नये, अशी अट करारात घालता येईल. दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे व सर्वाधिकाराचे खाते वेगळे ठेवावे. परवानाशुल्क टाळण्यासाठी ‘क्रॅक’ केलेली सफाई साधने वापरणे तर कटाक्षाने टाळावे, कारण तेथे मूळ निर्मात्यासोबत एका अज्ञात व्यक्तीवरही विश्वास ठेवावा लागतो. कोणत्याही सफाईपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाबाहेर घ्यावी. तसेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ समाप्त झाले आहे. अशा संगणकाला सुरक्षा-अद्यतनांची उणीव भासते आणि ती कोणत्याही गतिवर्धकाने भरून निघत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

९. निष्कर्ष

१) सफाई सॉफ्टवेअरच्या कृतींपैकी तात्पुरत्या फाइली काढणे हीच कृती, तीही डिस्क भरत आलेली असताना, निश्चितपणे उपयुक्त आहे आणि ती विंडोजमधील साधनांनी करता येते.
२) रजिस्ट्री सफाई व रॅम मोकळी करणे यांचा लाभ सिद्ध होत नाही, अपायाची शक्यता मात्र राहते.
३) दोष दाखविणाऱ्या आकड्यांवर विक्री अवलंबून असते तेथे ते आकडे फुगविण्याचा मोह बनावट व प्रतिष्ठित अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांना झाल्याचे दिसते.
४) प्रसिद्धी, अधिकृत स्थळ व डिजिटल स्वाक्षरी या आवश्यक पण अपुऱ्या कसोट्या आहेत.
५) एकदा दिलेला विश्वास कायमचा नसतो. मालकी, आवृत्ती किंवा धोरण बदलले की त्याचा फेरविचार करणे आवश्यक ठरते.

संशोधनात आधारसामग्री तपासल्याशिवाय निष्कर्ष न स्वीकारणारा अभ्यासक पडद्यावरील ‘शेकडो त्रुटी’ मात्र विनातक्रार मान्य करतो, ही विसंगती आहे. आकडा कोणी मोजला, कशाचा मोजला आणि तो मोठा निघण्यात कोणाचे हित आहे, हे विचारून झाल्यावर बहुतेक वेळा सफाईच्या बटणापर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. ज्या थोड्या प्रसंगी ती उरते तेव्हा विद्यार्थ्यांच्या गुणांची प्रत आधीच सुरक्षित ठिकाणी ठेवलेली असावी, एवढी दक्षता प्रत्येक विभागाने घेणे अगत्याचे आहे.